कडेचा खटका

जाहिरात खात्याच्या माणसाने टेबलावरचा नमुन्याचा टॅब उचलला आणि बोलता बोलता कडेचा खटका अंगठ्याने खाली ओढला. कट्. आवाज तो केवढासा, पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या इंजिनियरने झटकन मान वर केली. हा आवाज त्याने झोपेतसुद्धा ओळखला असता, कारण तो त्यानेच घडवला होता. आतली पट्टी किती वाकवायची, तिला कुठे अडवायचं, बोटाला किती जोर लागला पाहिजे, यापायी त्याने कैक महिने घालवले होते. बोटाला कळलं पाहिजे, पण शेजारी झोपलेल्याची झोप मोडता कामा नये, असं तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं होतं आणि त्याने ते मनावर घेतलं होतं. तेव्हापासून कंपनीत त्याला सगळे खटकेवाले म्हणायचे, तोंडावरही आणि पाठीमागेही. त्याला त्याचं काही वाटत नसे. लोक कशाकशासाठी ओळखले जातात, आपण नखाएवढ्या खटक्यासाठी ओळखले जातो, त्यात वाईट काय, असं तो म्हणायचा. आज मात्र जाहिरातवाला बोलत राहिला, हाताला चाळा म्हणून खटका वरखाली करत राहिला, कट् कट्, कट् कट्, आणि त्याला वाटलं, उठावं आणि याच्या हातातून ती वस्तू हिसकावून घ्यावी. तो उठला नाही. त्याने समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

प्रश्न तसा साधा होता. नव्या टॅबवर खटका ठेवायचा हे ठरलं होतं. खटक्याने करायचं काय, हे ठरत नव्हतं. जुन्या टॅबवर तो पडदा फिरायचा थांबवायचा. टॅब कसाही धरा, आडवा, उभा, तिरका, खटका ओढलेला असला की अक्षरं जागची हलायची नाहीत. मग एका सुधारणेत त्याचं काम बदललं आणि तोच खटका आवाज बंद करू लागला. तेव्हापासून अर्धी गिऱ्हाइकं एका बाजूने ओरडत होती आणि अर्धी दुसऱ्या. "आवाजच," जाहिरातवाला म्हणाला, "माणूस चार लोकांत बसलाय आणि टॅब बोंबलायला लागला, तर त्याचा हात कुठे जाणार? खटक्यावर." तक्रार खात्यातली बाई दिवसभर फोनवर लोकांची बोलणी खाणारी, तिला असल्या वाक्यांचा कंटाळा होता. "चार लोकांत टॅब घेऊन बसतंय कोण?" ती म्हणाली. "लोक टॅब अंथरुणात वापरतात. आडवं पडून. कूस बदलली की अक्षरं फिरतात, की मला फोन. म्हातारी माणसं तर रडकुंडीला येतात." प्रोग्रामिंगवाली मुलगी म्हणाली, दोन्ही नको, खटक्याने कॅमेरा आणि माईक बंद व्हावा. "पडद्यावरचं बटण खोटं बोलू शकतं. खटका नाही बोलू शकत. तो ओढला की आत तार सुटते. विषय संपला." साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसायला लागले की काही ठरणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. "ज्याला जे हवं ते त्याने लावून घ्यावं," ते म्हणाले. "म्हणजे कोणी दुखावणार नाही." तक्रारवाली म्हणाली, "पण डबा उघडल्यावर काय लावलेलं असणार, साहेब? नंतर ते कोणी बदलत नाही. निदान मावश्या तरी नाही." सगळे हसले. तोही हसला, थोडा उशिरा.

त्याची मावशी डाव्या कुशीवर झोपायची. जिन्यात पडून तिचा उजवा खुबा मोडला, आत पट्टी आणि खिळे बसले आणि उजवी कूस तिला कायमची बंद झाली. दिवसाचा बराच वेळ ती तशीच पडून असायची, भिंतीकडे पाठ, खिडकीकडे तोंड, आणि टॅब उशीला टेकवून वाचत असायची. टॅब त्यानेच नेऊन दिला होता, त्याच्याच कंपनीचा, त्याच्याच खटक्याचा. पहिल्या दिवशी तिने तासाभरात तक्रार केली होती, "अरे, हे माझ्याबरोबर लोळतं! मी आडवी झाले की हे उभं होतं." तेव्हा त्याने तिचा अंगठा धरून खटक्यावर ठेवला होता. हा खाली ओढायचा. ऐकलंस, कट्? आता तू कशीही लोळ, हे हलणार नाही. मावशीचा अंगठा सुईच्या टोचण्यांनी टणक झालेला होता. आयुष्यभर तिने शाळेच्या गणवेशांना काजं केली आणि बटणं लावली. तिने खटका दोनतीनदा वरखाली केला आणि गिऱ्हाइकाचा कपडा तपासावा तशा नजरेने त्याच्याकडे बघितलं. "चांगला बसतो," ती म्हणाली. एवढं कौतुक तिने त्याच्या पदवीचंही केलं नव्हतं. पुढे वाचताना पानावर मध्येच काहीबाही सूचना येऊन पडतात म्हणून ती वैतागली, तेव्हा त्याने त्याही बंद करून दिल्या; फोन आला तरी तो नुसता वाजायचा, पानावर काही दिसायचं नाही. आणि एवढं यंत्र घरात असताना जुना फोन कशाला, म्हणून तोही तिने काढून टाकला. मावशीचं सगळं असं असायचं, एक घेतलं की दुसरं टाकायचं.

आई गेली तेव्हा तो चालायला लागला होता एवढंच. मावशीने त्याला आपल्या दोन खोल्यांत आणलं आणि स्वतःचं लग्न वगैरे विषय कधी काढू दिला नाही. त्या घरात कोणी आवाज चढवला नाही. शेजारच्या घरांतून भांड्यांची आदळआपट ऐकू यायची तेव्हा त्याला चक्क हेवा वाटायचा, कारण तिथे तासाभराने सगळे हसत जेवायला बसलेले असायचे. त्याच्या आणि मावशीच्या घरात भांडण म्हणजे अबोला. आणि अबोल्याचा कायदा एकच होता, जो आधी बोलेल त्याचं चुकलं. कोण बरोबर, कोणी काय केलं, याची चौकशी नाही. एकदा मावशी बाहेर गेली असताना त्याने तिची मोठी कात्री घेऊन कुणाच्या तरी नव्या सदऱ्याची बाही कापून टाकली होती. मावशीने नुसती बाही उचलून बघितली आणि गप्प झाली. त्याला जेवायला वाढलं, त्याचं दप्तर भरलं, त्याच्या तुटलेल्या बुटाची पट्टी शिवली, सगळं न बोलता. शेवटी त्यालाच ते सहन झालं नाही. दिवे लागायच्या वेळेला तो तिच्या शिलाई मशीनपाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मावशी, माझं चुकलं. तिने पायाखालची फळी थांबवली. "असू दे," ती म्हणाली. बस, संपलं. मावशीचं 'असू दे' मिळालं की तो विषय पुन्हा निघायचा नाही, सणकीत नाही, थट्टेतही नाही. लग्न झाल्यावर त्याची बायको म्हणाली होती, तुमच्या घरात माणसं भांडतात की न्यायालय चालवतात? तिने दोघांना आरडाओरडा शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला आणि नाद सोडला.

"खटकेवाले, तुम्ही काहीच बोलत नाही," साहेब म्हणाले. तो म्हणाला, ऐकतोय. प्रोग्रामिंगवाली आता फळ्यावर तार काढून दाखवत होती, तार कुठे सुटते आणि वीज कशी जातच नाही ते. खटका खोटं बोलू शकत नाही. मुलगी हुशार होती आणि मनापासून बोलत होती, म्हणून तिला काही सांगावं असं त्याला वाटेना. ज्या बैठकीत खटक्याचं काम बदललं त्या बैठकीत ती नव्हती. तो होता. तिथेही असाच वाद झाला होता, तिथेही जेवणाची वेळ टळून गेली होती, आणि शेवटी सगळ्यांबरोबर त्यानेही हात वर केला होता. त्याला पटलं नव्हतं. भूक लागली होती. मग ती सुधारणा जगभरच्या टॅबांवर गेली, तिच्याबरोबर एक लांबलचक मजकूर गेला, आणि त्यात कुठेतरी खाली, खटका आता आवाज बंद करतो, अशी एक ओळ होती. मावशीने मजकुराखालचं 'मान्य' दाबलं असणार. न दाबून करते काय, त्याशिवाय पुस्तक उघडत नाही. पडदा न फिरवायची सोय आता आत कुठेतरी आपोआप लागलेली राहिली होती, त्यामुळे तिची अक्षरं जागच्या जागी होती आणि तिला काही वावगं दिसायचं कारणच नव्हतं. ती आडवी झाली की सवयीने खटका ओढायची. कट्.

आणि त्याच सुमाराला त्याचं आणि मावशीचं वाजलं. वाजलं म्हणजे त्यांच्या पद्धतीने. तो म्हणाला होता, मावशी, तिसरा मजला, लिफ्ट नाही, परत पडलीस तर कोण बघणार? तिथे वृद्धनिवासात नर्स आहे, खोली तळमजल्यावर आहे, बाग आहे. मावशी पडद्यावरून त्याच्याकडे बघत होती, तिचा चेहरा उशीवर आडवा. "माझं मशीन कुठे राहील तिथे?" तिने विचारलं. तो दमला होता, दिवसभर बैठका झाल्या होत्या. तो म्हणाला, "मशीनवर आता तू बसतेस तरी कुठे?" हे त्याने बोलायला नको होतं. मावशी म्हणाली, "बरं," आणि पडदा काळा झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने फोन लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली आणि थांबली. तिसऱ्या दिवशी तेच. त्याच्या मनात आलं, मी आधी फोन केला म्हणजे कायद्याने मी हरलोच, आणि ही बाई माझी हारही घ्यायला तयार नाही! त्याला तिचा रागच आला. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, छान आहेत की, काल दारात बोललो. म्हणजे शेजाऱ्यांशी बोलते. तो रोज संध्याकाळी ठरल्या वेळी फोन लावत राहिला आणि रोज त्याच्या कानात तीच रिंग वाजत राहिली. पलीकडे खटका ओढलेला असो नाहीतर माणूस रुसलेला असो, फोन लावणाऱ्याला ऐकू येते ती रिंग एकच असते. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण त्याच्या मनात एकदाही खटका आला नाही. मावशीच आली. यंत्राबद्दल दुसऱ्या कोणी तक्रार केली असती तर त्याने पहिलं विचारलं असतं, खटका बघा. मावशीच्या बाबतीत त्याने तिचा स्वभाव बघितला, आणि तो त्याला पाठ होता.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तो गेला. त्याच्याकडची किल्ली लावून आत शिरला. घरात दुपारचं ऊन होतं, मशीनवर धुतलेली चादर घडी करून ठेवलेली होती, आणि मावशी डाव्या कुशीवर झोपली होती. तिच्या पोटापाशी टॅब उपडा पडला होता. डोळ्यांवर उजेड नको म्हणून ती तो नेहमी उपडाच ठेवायची. त्याने वाकून तो उचलला. कडेला खटका खाली ओढलेला होता आणि त्याखालचा केशरी ठिपका उघडा पडला होता. तो ठिपकाही त्यानेच सुचवला होता, खटका कुठल्या बाजूला आहे हे चटकन दिसावं म्हणून. क्षणभर त्याला काही कळलं नाही आणि मग एकदम सगळं कळलं. पडद्यावर फोनच्या चौकोनाला लाल आकडा चिकटलेला होता; असे आकडे मावशीच्या टॅबवर इतके असायचे की तिने त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं होतं. त्याने खटका वर सरकवला. कट्. शेजारी झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून घडवलेला तो आवाज, आणि मावशी जागी झाली. तिने डोळे उघडले, त्याला बघितलं, कोपरावर जोर देऊन थोडी वर आली. तिचे केस एका बाजूने चपटे झाले होते. ती खूप थकलेली दिसत होती. "आलास?" ती म्हणाली. "माझंच चुकलं रे. तू म्हणतोस तिथे जाते मी. पण इतके दिवस असं नको करूस." टॅब त्याच्या हातात होता. अंगठा खटक्यावर होता. एक वाक्य बोलायचं होतं, मावशी, हे बघ, हे बंद होतं, आणि दोघं हसली असती आणि भांडण जिथे होतं तिथून पुन्हा सुरू झालं असतं, जिना, नर्स, मशीन, सगळं. त्याला ते पुन्हा सुरू करायचं नव्हतं. त्याला वाटलं, नंतर सांगू. आधी ती तिथे सुरक्षित पोचू दे, मग सांगू. तो म्हणाला, "असू दे."

त्या घरातला तो शब्द तोवर तो कधीच बोलला नव्हता, तो मावशीचा होता. बोलताना तोंडात त्याला तो मोठ्या माणसाच्या चपलेसारखा सैल लागला होता, हे त्याला आज बैठकीत आठवत होतं.

नंतर सांगू म्हणता म्हणता ती निवासात गेली. तिथे काही वाईट नव्हतं. खोली उजेडाची होती, नर्स हसतमुख होत्या, जेवण वेळेवर. मावशी कशालाच नाही म्हणायची नाही, आणि हेच त्याला खुपायचं. ज्या बाईने कधी कोणाच्या हातची काजं मंजूर केली नाहीत, ती आता म्हणायची, चांगलंय की, सगळं चांगलंय. ती त्याच्याशी जपून बोलू लागली होती. फोन पहिल्या रिंगला उचलायची. 'तुला वेळ आहे ना?' असं आधी विचारायची. तो भेटायला गेला की उठून बसायची, केस नीट करायची, आपण पाहुणे आहोत तसं. त्याला वाटायचं घर सुटल्याचं दुःख असेल, होईल सवय. मशीन बंद घरात खिडकीपाशी उभं होतं आणि घराच्या दोन्ही किल्ल्या, तिचीही, आता त्याच्याकडे होत्या. आणि आता घराला गिऱ्हाईक आलं होतं, उद्या सकाळी तो मावशीला घेऊन सही करायला जाणार होता. तिनेच सांगितलं होतं, टाक विकून, रिकामं ठेवून काय करायचं. त्याने नीट विचार कर म्हटल्यावर ती घाईने म्हणाली होती, "नाही नाही, तू म्हणशील तसं. परत कशाला अबोला?" हे ऐकून तो त्या रात्री जेवला नाही, बायकोला म्हणाला पित्त झालंय.

"हं, खटकेवाले, शेवटचं तुमचं," साहेबांनी चष्मा लावला. "आवाज, पडदा की माईक?" त्याने जाहिरातवाल्याकडे हात केला, टॅब मागून घेतला आणि समोर ठेवला. "काहीही करा," तो म्हणाला, "पण हाताला एकदा शिकवलं ते बदलू नका. आणि आवाजच बंद करणार असाल तर फोन लावणाऱ्याला कळू द्या. त्याला नुसती रिंग ऐकवू नका." जाहिरातवाला म्हणाला, म्हणजे माझा टॅब मी बंद ठेवलाय हे साऱ्या जगाला सांगायचं? प्रोग्रामिंगवाली म्हणाली, हे तर खाजगीपणाच्या विरुद्ध आहे, आणि तिचंही बरोबर होतं. "कळून काय फरक पडणार आहे त्याला?" साहेब म्हणाले. तो म्हणाला, "पडतो." त्याच्या आवाजात काहीतरी असावं, कारण तक्रारवाली त्याच्याकडे बघत राहिली. मग हात वर झाले. डबा उघडल्यावर आवाज, पुढे ज्याची त्याला निवड. त्याने या वेळी हात वर केला नाही. त्यामुळे काही बिघडलं नाही, साहेबांनी मोजलेसुद्धा नाहीत. सगळे खुर्च्या सरकवून उठले आणि जाताना जाहिरातवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली, खटका तुमचाच राहणार हो, काळजी कशाला?

तो जिन्यात गेला. लिफ्टमुळे तिथे कोणी फिरकत नसे. दोन मजल्यांमधल्या पायरीवर बसून त्याने मावशीला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला. आधी छत दिसलं, मग तिचा कान, मग ती. "तुला वेळ आहे ना?" ती म्हणाली. "उद्याचं सगळं लक्षात आहे माझ्या. साडी काढून ठेवलीय." तो म्हणाला, मावशी, मला काहीतरी सांगायचंय. आणि त्याने सांगितलं. सुधारणा, खटका, केशरी ठिपका, सगळं, मध्ये न थांबता, कारण थांबला असता तर राहिलंच असतं. मावशीने टॅब तिरका करून कडेला बघितलं. तिचा टणक अंगठा पडद्यावर मोठा दिसला. "ह्याने?" तिने विचारलं.

"ह्याने."

"म्हणजे तू रुसला नव्हतास?"

"नाही गं. रोज फोन करत होतो. रोज संध्याकाळी."

मावशीचा चेहरा एकदम उघडला. किती दिवसांत त्याने तो तसा बघितला नव्हता. "अरे देवा," ती म्हणाली, "आणि मी म्हणत होते, ह्याला मला एवढे दिवस टाकता आलं! घराचं जाऊ दे रे, घर काय. हेच बोचत होतं मला. रात्री जाग आली की हेच." ती हसली आणि डोळे पुसू लागली, आणि त्याला वाटलं, सुटलो. तेवढ्यात तिचा पदर डोळ्यांपाशीच थांबला. ती विचार करत होती. काज चुकीच्या जागी पडलंय हे लक्षात आलं की ती अशी थांबायची.

"रोज करत होतास," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे आधी तूच बोलला होतास."

"हो."

"आणि मी जागी झाले तेव्हा हे तुला कळलं होतं."

"हो."

"मग मी चुकलं म्हणाले, तेव्हा तू 'असू दे' कसं म्हणालास रे?"

तो पायरीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मावशी गप्प झाली. तिच्या खोलीतून ढकलगाडीची चाकं ऐकू येत होती, कोणीतरी खोकत होतं, कोणीतरी नळ बंद केला. म्हणजे आवाज चालू होता. खटका वर होता. ही शांतता यंत्राची नव्हती, त्यांच्या घरातली होती, ती त्याला बाही कापल्याच्या दिवसापासून ओळखीची होती. जिन्यातला दिवा आपोआप विझला आणि तो अंधारात तिच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघत बसला. ती बोलणार नाही हे त्याला माहीत होतं. या वेळी ती बोलायची नव्हती.

"मावशी," तो म्हणाला, "माझं चुकलं."

तो थांबला. ते दोन शब्द यायची वाट बघत राहिला, लहानपणी मशीनपाशी उभा राहून बघायचा तशी. मावशीने टॅब उशीला टेकवला, हळूहळू डाव्या कुशीवर झाली, आणि तिचा चेहरा पडद्यावर आडवा झाला.

"उद्या येताना घराची किल्ली आण," ती म्हणाली. "दोन्ही किल्ल्या."

आणि तिने फोन ठेवला.